गोचिडी माळावर नेऊन सोडणारे अण्णा

खोली बघायला गेले, तर घरमालकांनी आधी माझ्या कडेवरच्या पोरीचा कान दुमडून मागं बघितलं. मग दुसरा कान. मग तिचे केस मानेवरून वर उचलले, हनुवटी वर केली आणि "चोख हाय" म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवली. मी गावातल्या शाळेत नवी बाई म्हणून आलेय, माझे यजमान फौजेत आहेत, सासूबाई सोबत राहतील, आम्ही पाटणकडचे, हे सगळं मी वाटेत पाठ करत गेले होते. त्यातलं एक अक्षर त्या माणसानं विचारलं नाही. "घरात मटणमासळी शिजवायची न्हाई. आनि बाहेरचं कुत्रं, मांजर, शेरडू मला इचारल्याबिगर आत घ्यायचं न्हाई." अटी एवढ्या दोनच. पहिली लगेच समजली, कारण घर जैनांचं होतं. दुसरी ऐकून मी मनात म्हटलं, झालं, येडं घर मिळालं आपल्याला!

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मिरजेपासून जवळचं, ऊस-हळदीचं गाव. या घरमालकांना गाव तोंडावर अण्णा म्हणायचं आणि पाठ फिरली की गोचीडअण्णा. त्यांना ते माहीत होतं. "म्हनू देत की. नाव घेताना तरी गोचिडीची आठवन हुतीया न्हवं?" असं म्हणून ते खुशाल हसायचे.

अंगानं उंच, सडसडीत. धोतर, काळी टोपी, आणि करदोट्याला दोरीनं बांधलेला एक पितळी चिमटा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कमी आणि कानामानेकडं जास्त बघायचे. गावात नवी आलेली बाई या नजरेनं बावरून जायची. मग त्यांची बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, मधे पडून सांगायच्या, "आवं, घाबरू नगा. तुमच्यावर गोचीड हाय का तेवढं बघत्यात. दुसरं कायबी त्यांच्या डोक्यात नसतंय."

गोचीड म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. गाईम्हशींच्या कानात, कासेला, शेपटाखाली चिकटून रक्त पिऊन टम्म फुगणारा तो किडा. सगळे रोज बघतात आणि कुणी मनावर घेत नाही. अण्णांनी मनावर घेतलं ते एका कालवडीपायी. जिल्ह्यात तेव्हा संकरित गाईंचं नवं वारं आलं होतं. अण्णांच्या गोठ्यात पहिली तशी कालवड जन्मली, पांढरी-तांबडी, आणि पुरती मोठी व्हायच्या आतच तापानं गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा गोचिडीचा ताप. गावरान जनावर बऱ्याचदा निभावून नेतं, हे नाजूक, याला नाही झेपत. गोठ्यात पावडर मारा.

"पावडर मारली की काय हुतंय?" अण्णांनी विचारलं.

"मरतात की सगळ्या."

"मग तेवढं सोडून दुसरं कायबी सांगा, सायेब."

इथंच अण्णांचं सगळं वेगळेपण आलं. हा माणूस पाणी तीनपदरी फडक्यातून गाळून पिणारा, सूर्य मावळायच्या आत जेवणारा, दिव्यावर पाखरू येऊन जळू नये म्हणून कंदिलाला जाळी शिवून घेणारा. गोचीड त्याची वैरीण, पण तिला मारायचं नाही. तिला जागाच द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्या दिवसापासून अख्ख्या गावाच्या नाकी नऊ आणले.

गोठ्याच्या भिंतीत एक भेग दिसली की अण्णा शेणमातीचा गोळा घेऊन हजर. भेगेत गोचीड अंडी घालते म्हणून. स्वतःच्या गोठ्याचं सोडा, दुसऱ्याच्याही गोठ्यात न विचारता घुसून लिंपायचे. जनावरांना करंजाचं तेल चोपडायचे. उकिरडा गोठ्यापासून लांब न्यायला लावायचे. कुणाचं कुत्रं ओट्याखाली आडवं झालेलं दिसलं की मालकाला हाक, "ये गड्या, ह्याचं कान बघितलंस का कवा? तुझी पोरं ह्याच्याच अंगावर लोळत्यात रं!" पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडं, बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या पायरीवर, जिथं चार माणसं गाठ पडतील तिथं विषय एकच. गोचीड म्हंजे बिनभाड्याचा भाडेकरू, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्या वेळी मी समोर असले तर लगेच जीभ चावून म्हणायचे, "बाई, तुमच्याबद्दल न्हाई हां म्हनत."

माझ्या वर्गात तर ते हक्कानं यायचे. मी फळ्यावर बेरीज लिहीत असले तरी दारातून आवाज यायचा, "बाई, जरा टाइम घेतो." मग पोरांना उभं करून विचारायचे, "गोचीड कुठं लपती?" आणि चाळीसभर पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "कानामागं! काखेत! जांघेत! गुडघ्यामागं! केसात!" "सापडली तर काय करायचं?" "चिमट्यानं कातडीपाशी धरायची! सरळ ओढायची!" "पिळायची?" "न्हाईईई!" "नखानं चिरडायची?" "न्हाईईई!" "मग?" "साबणानं धुवायचं आनि घरात सांगायचं!" हे इतकं जोरात चालायचं की पलीकडच्या वर्गावरचे गुरुजी पट्टी घेऊन बाहेर यायचे. मला राग यायचा. खरं सांगते, बेरजा राहिल्या की माझं डोकं फिरायचं. पण पोरांना बेरजेपेक्षा हेच जास्त चांगलं यायचं, त्याला मी काय करणार?

एकदा शेजारच्या घरात नवी सून आली आणि तिच्या माहेरानं आंदण म्हणून गाय दिली. माण तालुक्यातून, ट्रकमधून आलेली, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. बायका आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या. गाईच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं आणि लक्ष्मी म्हणून थेट गोठ्यात न्यायची, ही रीत. आणि अण्णा वाटेत आडवे!

"आदी पंधरा दिस माज्या बांधावरच्या बाभळीला बांधायची. मग आत."

नव्या सुनेचा बाप लालबुंद झाला. "आमची गाय काय रोगट हाय व्हय? लेकीच्या दारात येऊन गाय बाहेर बांधू? मग लेक तरी कशाला आत ठेवता?"

"लेकीला आत न्या की. लेकीच्या कानात मी कशाला बघू?" म्हणून अण्णांनी सगळ्यांच्या देखत गाईचा कान उलटा केला. आतली गोचिडींची रांग बघून बायकांनी ताट खाली केलं. तरी सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. माहेरचं माणूस अपमान गिळून परत गेलं तर तिनं काय करावं? तेव्हा काकी पुढं झाल्या, ताट घेतलं आणि म्हणाल्या, "चला गं, आपन बाभळीखाली ओवाळू. लक्ष्मी तितं बी लक्ष्मीच हाय." आणि खरोखरच सगळं वऱ्हाड शेतात गेलं. बाभळीखाली आरती झाली, गूळ वाटला, पोरी फुगड्या खेळल्या. पंधरवड्यानं गाय स्वच्छ होऊन घरात गेली. पुढं त्या गावात नवं जनावर आलं की आधी बाभळीखाली ओवाळायची पद्धतच पडली.

आता काढलेल्या गोचिडींचं काय, हे सांगायचं राहिलं. अण्णा चिमट्यानं काढलेली एकेक गोचीड पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. डब्याच्या झाकणाला भोकं, आत लिंबाचा पाला. रोज सकाळी तो डबा घेऊन गावाबाहेरच्या मुरमाड माळावर जायचे आणि एका सपाट खडकाशेजारी, बोरीच्या झुडपांत, हळूच उपडा करायचे. तिथं शेत नाही, वस्ती नाही, म्हणून. पाणवठ्यावरच्या बायका त्यांना बघून म्हणायच्या, "निघाले अण्णा गोचिडी फिरवायला!" माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तोंडाला पदर लावून हसायच्या. "आवं, आमच्या पाटनात मानसाला मुंबैच्या गाडीवर सोडाय बी कोन एवढं लांब जात न्हाई." आत्याबाईंना अण्णांचं सगळंच थोतांड वाटायचं.

नंदा, माझी लेक, तेव्हा चार वर्षांची. बोरं पिकायचे दिवस. आत्याबाई दुपारी तिला घेऊन माळावर जायच्या, पदरात बोरं भरून आणायच्या. मी शाळेतून यायची तोवर दोघींचे दात बोरांनी आंबलेले असायचे.

एके दिवशी नंदाला ताप भरला. दुसऱ्या दिवशी वाढला. अंग फणफणलं, डोकं दुखतंय म्हणून पोर किंचाळायला लागली आणि मग अंगावर तांबडे ठिपके उठले. आत्याबाईंनी बघितलं आणि हात जोडले. "गोवर हाय. आईचं आलंय."

आमच्याकडं गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. घरात फोडणी द्यायची नाही, परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही, आणि औषध तर नाहीच नाही. सुई टोचली तर गोवर आत वळतो आणि पोर हाताची जाते, अशी पक्की समजूत. आत्याबाईंनी आपली दोन पोरं अशीच लिंबाच्या पाल्यावर निजवून निभावली होती. माझा जीव खालीवर होत होता. यजमान बर्फात कुठंतरी सीमेवर, मी एकटी. म्हटलं, "आत्याबाई, मिरजेला नेऊ या." तर त्या नंदाला मिठी मारून बसल्या. "माज्या पोराची पोर हाय ती. न्हेलीस आनि काय झालं, तर त्याला काय तोंड दावू मी?" त्यांच्या डोळ्यांत वेड्यासारखी भीती होती. त्या दुष्ट नव्हत्या हो. घाबरल्या होत्या, माझ्याइतक्याच.

अण्णा तिसऱ्या प्रहरी आले. डहाळा बघून उंबऱ्याबाहेरच थांबले. "आक्का, एकच इचारतो. पोरीला गोचीड लागली हुती का?"

"आवं अण्णा, पोरीचा जीव चाललाय आनि तुमचं काय त्येच!" आत्याबाई आतून ओरडल्या.

"लागली हुती का न्हवती, एवढंच सांगा."

आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. अण्णा अंगणात, उंबऱ्यासमोर मांडी घालून बसले. घटका गेली. काकींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "आवं, भाकरी झाली, दिस चाललाय." अण्णा हलले नाहीत. सूर्य मावळला की या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. सकाळपासून रानात होते, पोटात काही नव्हतं. काकी ताट घेऊन अंगणात आल्या. ताट खाली ठेवलं. अण्णांनी ते बाजूला सारलं.

"आक्का, तुमी सांगितल्याबिगर मी उठत न्हाई. मी काय वैद्य न्हाई, मला ह्यातलं कळत बी न्हाई. पर गोचीड लागली असली तर डागदराला ते कळलं पायजे. त्याला सपान पडनार हाय व्हय?"

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. कौलाला लागलं. नंदा बरळायला लागली होती. मी आत्याबाईंचे पाय धरले आणि रडत म्हटलं, "काही असेल तर सांगा हो, मी तुम्हाला शब्दानं बोलणार नाही." त्या एकदम कोसळल्याच.

"लागली हुती. आठ दिस झालं आसतील. कानामागं. नखानं उपटून टाकली आनि हळद लावली. तुमी उगा गाव गोळा करशीला म्हनून न्हाई सांगितलं, अण्णा."

अण्णा उठले आणि धावत सुटले. त्या वयात, धोतराचा सोगा हातात धरून. डेअरीचा दुधाचा टेम्पो संध्याकाळी मिरजेला जायचा, तो सुटायच्या बेतात होता. अण्णा रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, त्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि पुढची जागा रिकामी करून घेतली. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं दाराचा डहाळा काढला आणि नंदाला उचलून माझ्या मांडीवर दिलं. अण्णा मागं दुधाच्या कॅनवर बसले.

मिरजेचे डॉक्टर शांत माणूस. नंदाला तपासत होते तोच अण्णा दारातून म्हणाले, "सायेब, पोरीला आठ दिसांमागं गोचीड लागली हुती. कानामागं." डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी कान दुमडला. मागं एक छोटी काळी खपली होती. मग नंदाचे तळहात बघितले, तळपाय बघितले. तिथंही ठिपके होते.

"हा गोवर नाही," ते मला म्हणाले. "गोचिडीच्या चाव्यातून येणारा ताप आहे हा. सगळ्यांना येतो असं नाही, पण आला तर लवकर कळावा लागतो. औषध आहे यावर, आणि वेळेत आलात. पुरळ बघितला की गोवरच डोक्यात येतो, मलाही आला होता. ही माहिती दिलीत ते फार बरं केलंत."

त्यांनी औषध सुरू केलं. दोन दिवसांनी नंदाचा ताप उतरला. डोळे उघडून तिनं पहिलं काय मागितलं असेल? बोरं! मी हसले आणि लगेच एवढी रडले की शेजारच्या खाटेवरची बाई पाणी घेऊन आली. अण्णा पहिली रात्र दवाखान्याच्या पायरीवर काढून, सूर्य उगवल्यावर पाणी पिऊन गावाला गेले होते. आज लिहितानाही माझे हात त्या माणसासाठी आपोआप जोडले जातात. माझी पोर त्यांनी मला परत आणून दिली, दुसरं काय म्हणू?

आम्ही घरी आलो तेव्हा आत्याबाई नंदाला कवटाळून बसल्या. अण्णा आले. नंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत्याबाईंना विचारलं, "आक्का, पोर कुठं खेळत हुती त्या वक्ताला?"

"कुठं म्हंजे? माळावर. बोरं येचत हुतो न्हवं. त्या सपाट खडकापाशी लय गोड बोरं हायती."

अण्णांचा हात नंदाच्या डोक्यावरच राहिला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. ते तसेच निघून गेले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. काकी मला मोरीपाशी हळूच म्हणाल्या, "तिथंच सोडत हुते की वो ते. रोज. एका जागी. मी म्हनलं, तीच कशावरनं? तर म्हनत्यात, दुसरी कशावरनं?"

मी त्यांच्याकडं गेले. समजावलं. म्हटलं, "अण्णा, गोचीड कुठूनही लागते. तुम्ही नसता तर माझी पोर आज नसती."

"मी सोडल्या नसत्या तर तिला कदाचित लागलीच नसती," ते म्हणाले. "मी समजत हुतो, मी मारत न्हाई. बाई, मी मारन्याचं काम माळावर ठेवून येत हुतो, आनि घरी येऊन हात धुवत हुतो."

चौथ्या दिवशी सकाळी ते उठले, अंघोळ केली, बस्तीत जाऊन आले आणि गोठ्यात बसले. चिमटा होता, डबाही तोच होता. झाकण नव्हतं. डब्यात तळाशी रॉकेल होतं. काकी गोठ्याच्या दाराला टेकून पदरानं डोळे पुसत होत्या. मला राहवलं नाही. आम्ही मटण खाणारे लोक, कोंबडीची मान मुरगाळताना आमचा हात थरथरत नाही. मी पुढं होऊन म्हटलं, "अण्णा, द्या इकडं. मी टाकते. नाहीतर गड्याला सांगा. तुमच्या हातानं कशाला?"

"दुसऱ्याच्या हातानं करवून घेतलं की पाप जातंय व्हय त्याच्याकडं?" त्यांनी मान वर केली नाही. "आमच्यात करनं आनि करवनं एकच हाय. मग करायचंच तर माज्या हातानं करीन. दुसऱ्याला कशाला बुडवू?"

गाईच्या कानातली पहिली गोचीड त्यांनी चिमट्यात धरली, सरळ ओढली आणि डब्यावर नेली. हात तिथं थांबला. ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होते ते. आणि मग चिमटा उघडला.

नंदा माझं बोट सोडून कधी पुढं गेली कळलं नाही. डब्यात डोकावून तिनं विचारलं, "अण्णा, तुमी ह्यांना माळावर न्हाई न्हेनार?"

"न्हाई, बाळा."

"मग ह्या मरतील की."

मी तिला मागं ओढायला गेले. अण्णांनी हातानं मला थांबवलं, तिच्या समोर उकिडवे बसले आणि चार वर्षांच्या त्या पोरीला मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "मी मारतोय त्यांना. तू जगावीस म्हनून."